मसाल्याचे दिवस आणि हिराचा खांदा

बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, ते आमचं दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. संध्याकाळचे सहा-साडेसहा झाले असतील. मसाला बरणीत दाबून भरला, वर हिंगाचे खडे ठेवले, झाकण लावलं आणि झाकणावर धुतलेलं पांढरं फडकं घातलं. हिराने, माझ्या बायकोने, डाव्या हाताचं बोट गाठीवर धरलं आणि मी सुतळी आवळली. मी न्हावा शेव्याला पंचवीस वर्षं लॅशिंगचं काम केलेला माणूस. जहाजावर कंटेनर चढले की ते लोखंडी दांड्यांनी आवळून बांधायचे, समुद्रात हलता कामा नयेत असे. त्या हाताची गाठ सैल कशी राहणार?

"अवो, बोट सोडा माझं! बरनी हाय, जहाज नाय."

"मुंगी शिरता कामा नये."

"मुंगी नाय शिरनार. पन मना सोडता आली पायजे का नको?"

बोट ओढून काढलं तिने आणि सवयीने तोंडात घातलं. बोटाला मसाला. मग मला दोन शिव्या, मग पाणी, मग दोघंही हसलो. भात, बोंबलाचं कालवण जेवलो. झोपलो. ह्यात सांगण्यासारखं काही नाही. शेवटचं आहे हे माहीत असतं तर मी काही वेगळं केलं असतं, असं लोक म्हणतात. मी काय वेगळं करणार होतो? गाठच बांधली असती.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. विचुंब्यात सकाळी घराबाहेर पडलो की आधी नाकात मिरची जाते. आमच्या घराच्या तिन्ही बाजूंना आता बिल्डिंगी झाल्यात, तिथल्या गच्चीवर मिरची वाळत घालायला बंदी आहे, तसा बोर्डच लावलाय. पण गावातल्या जुन्या घरांच्या गच्च्या लाल होतात त्या होतातच. वरच्या मजल्यावरचे बिल्डिंगवाले खिडकीतून फोटो काढतात आणि शिंकतात. डंकावर बायकांची रांग लागते. डंक म्हणजे मसाला कुटायचं मशीन, लोखंडी मुसळं वर जातात आणि खाली आदळतात. त्याचा आवाज आमच्या ओटीपर्यंत येतो. पूर्वी मला त्या आवाजाचा राग यायचा. आता दुपारी तो थांबला की मी उठून दारात जातो आणि बघतो, का थांबला.

लोकांना वाटतं, हिराने केलेला मसाला मी जपून ठेवला असेल. नाही ठेवला. खायचा जिन्नस आहे तो. खाल्ला, दिवाळीपर्यंत संपला, बरणी धुऊन पालथी घातली. कुंदा, माझी मुलगी, उरणला दिलीय, ती म्हणते, "बाबा, मी आणते करून." आण म्हटलं.

मी सातवी नापास. लिहायची सवय नाही. पण हे लिहायला बसलोय, कारण त्या उन्हाळ्यात मी एक गोष्ट केली आणि ती मला अजून पचत नाही.

शिमग्याला अजून आठ-दहा दिवस होते. तांदळाला किडे लागले म्हणून हिरा अर्धं पोतं डोक्यावर घेऊन गच्चीवर निघाली. उन्हात पसरायला. मी ओटीवरच बसलो होतो. तिने मला हाक मारली नाही. मारली असती तर मी म्हणालो असतो, "संध्याकाळी बघू." चाळीस वर्षं मी हेच म्हणत आलो, म्हणून ती हाक मारायची बंद झाली होती. शेवटच्या पायरीवर तिचा पाय सरकला. उजव्या हाताने तिने कठडा पकडला आणि सगळं अंग त्या एका हातावर लोंबकळलं. पोतं खाली आलं, पायऱ्यांवरून तांदूळ धबधब्यासारखा आला. मी धावलो तेव्हा ती वर बसली होती, खांदा धरून, आणि ओरडत होती, "तांदूल! तांदूल बगा आधी!"

तांदूळ आम्ही दोघांनी गोळा केला. ती डाव्या हाताने गोळा करत होती. मला दिसत होतं.

चार दिवसांनीही हात वर जाईना. डबा फळीवरून काढायचा तर स्टूल घ्यायची आणि डावा हात लावायची. मी म्हटलं, "आखडलाय तुजा खांदा. मना सगलं ठाव हाय."

मला ठाऊक असायचं कारण होतं. त्याच्या पाच वर्षं आधी माझा स्वतःचा खांदा आखडला होता. काही झालं नव्हतं, पडलो नव्हतो, आपोआप जाम झाला, गंजलेल्या बिजागरीसारखा. सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती, वयाने माझ्या नातीएवढी आणि बोलायला माझ्या मुकादमासारखी. तिने मला दोरी आणि कप्पी दिली. चांगल्या हाताने दोरी खाली ओढायची, म्हणजे दुखरा हात वर जातो. "दुखलं तरी सोडायचं नाही, आजोबा," ती म्हणायची. आठ महिने ओढली. हात सुटला.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याला जे दुखणं होऊन गेलं, तो त्या दुखण्याचा डॉक्टर. कावीळ झालेला कावीळवाल्याला सांगतो, मुतखडा पडलेला मुतखडेवाल्याला. पळस्प्याहून माणसं आमच्या आळीत यायची, फक्त एका म्हाताऱ्याला विचारायला, कारण त्याच्या पायाची शीर आपोआप बरी झाली होती. तसा मी खांद्याचा डॉक्टर झालो.

कप्पी माझ्याकडे होती. आमच्या आळीची विहीर बुजवली तेव्हा रहाटाची कप्पी मी उचलून आणली होती, उगाच, लोखंड चांगलं म्हणून. पडवीच्या आढ्याला ती बांधली. दोरी बंदरातली, नायलॉनची, जहाज बांधायची. हिराला खाली खुर्चीत बसवलं.

क्रेनवर बंदरात दोन शब्द चालतात. माल उचलायचा तेव्हा "हबेस", उतरवायचा तेव्हा "आरिया". मी पडवीत उभा राहून तेच ओरडायचो. सकाळी वीस वेळा, संध्याकाळी वीस वेळा.

"हबेस!"

"मी काय क्रेन हाय?"

"आरिया! सावकाश. हां. परत, हबेस!"

"दुखतं वो."

"दुखनारच. दुखल्याबिगर सुटत नाय."

समोरच्या घरातली माझी भावजय, यशोदा, कुंपणावरून बघायची आणि म्हणायची, "भावजी, बायकोला बंदरात लावलीत का कामाला?" हिरा हसायची. डोळ्यांतून पाणी यायचं ते मला घाम वाटायचा. तसं नाही. खरं लिहायचं तर, मला पाणीच दिसायचं. पण माझ्या डोळ्यांतूनही आलं होतं आठ महिने, आणि मी बरा झालो होतो.

दहा दिवस झाले, फरक नाही. मला वाटलं, जोर कमी पडतोय. मग मी रंगाचा रिकामा डबा घेतला, बिल्डिंगच्या कामावरची वाळू आणली, डबा भरला आणि दोरीच्या एका टोकाला बांधला. दुसरं टोक तिच्या उजव्या हातात दिलं. म्हटलं, आता ह्याच हाताने ओढ, डबा वर उचल, म्हणजे ताकद येईल. हे त्या व्यायामवाल्या बाईने मला कधी सांगितलं नव्हतं. हे माझं डोकं. बंदरात जड वस्तू हलत नसेल तर आम्ही काय करतो? जोर वाढवतो.

तीन दिवस तिने तो डबा उचलला. चौथ्या दिवशी म्हणाली, "आज नको." मी चिडलो. म्हटलं, "मग बस तशीच."

ते सांगून मी पनवेलला निघून गेलो, बाजारात, उगाच. मासळी बाजारात फिरलो, काही घेतलं नाही. परत आलो तेव्हा ती पडवीत डबा उचलत होती, एकटी. हबेस, आरिया म्हणायला कोणी नसताना.

आता मला सगळं दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. ती वेणी घालताना मान खाली घालून हाताकडे आणायची, हात मानेकडे नाही. कपडे वाळत घालायची दोरी तिने मला खाली घ्यायला लावली. उजव्या कुशीवर झोपायची सवय होती, ती सोडली. कुंकू डाव्या हाताने लावायला लागली, आणि ते भुवईकडे सरकायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट. उजवा हात वर न्यायचा असेल तर ती डाव्या हाताने उजवं कोपर धरायची आणि ढकलायची. तसा तो जायचा वर. आरामात जायचा.

माझा जात नव्हता. मी आखडलेला होतो तेव्हा त्या बाईने ढकललं, कंपाउंडरने ढकललं, मी भिंतीला लावून ढकललं, खांदा हललाच नव्हता. हे मला माझ्या अंगावरून माहीत होतं. हिराचा हात दुसऱ्या हाताने जातो, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसत होतं. दोन्ही गोष्टी माझ्याकडे होत्या. मी त्या शेजारी ठेवून बघितल्या नाहीत. एकदा तिचा हात माझ्या हातात घेऊन हळू वर केला असता तरी कळलं असतं. पण आमच्यात बायकोचा हात कोण हातात घेतो? मी लांब उभा राहून ओरडत होतो.

पाडव्याला कुंदा आली. गुढीला हार घालताना आईने डावा हात लावला, ते तिने पाहिलं. "आई, डाव्या हाताने?" एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दोघांना पनवेलला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर पोरगेलाच होता, पण हात शांत होते त्याचे. हाड मोडलं नाही ना, म्हणून आधी फोटो काढला. मग त्याने हिराला दोन्ही हात समोर धरायला सांगितले, अंगठे जमिनीकडे. "आजी, समजा दोन्ही हातांत डबे आहेत आणि तुम्ही ते ओतताय." असं म्हणून त्याने वरून जरासं दाबलं. डावा हात राहिला. उजवा खाली गेला.

मग त्याने तिचा उजवा हात स्वतः उचलला, बाजूने, कोपराखाली आधार देऊन. हात कानापर्यंत गेला. मी खुर्चीत पुढे सरकलो. इतक्या दिवसांत मी तो तिथवर गेलेला बघितला नव्हता. मला वाटलं, बरा केला की ह्याने!

"आता मी सोडतो. तुम्ही हळूहळू खाली आणा."

सोडला. अर्ध्यापर्यंत आला आणि तिथून तुटल्यासारखा पडला, तिच्याच मांडीवर. तिने तो उचलून पदराखाली घेतला.

डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, कदाचित मी घरचा कर्ता म्हणून, "बाबा, आखडलेला खांदा असता तर मलाही उचलता आला नसता. हा सांधा मोकळा आहे. हात वर धरून ठेवणारा स्नायू हाडाला जिथे चिकटतो, तो पट्टा फाटला असावा. मोठ्या मशीनवर बघून नक्की करू."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

मग त्याने तिला विचारलं, "पडल्यानंतर काय काय केलं? मालीश? व्यायाम? वजन उचललं काही?"

सांगायचं होतं. खोटं नाही बोलत, शब्द ओठांपर्यंत आला होता. पण त्याच्या आधी हिरा बोलली.

"काय नाय, डाक्तर. घरातलं काम करीत व्हते. दुसरं काय?"

कुंदाने लिहून घेतलं, डॉक्टरने लिहून घेतलं.

बाहेर रसवंतीवर बसलो. कुंदा औषधं आणायला गेली होती. मी म्हटलं, "खोटं कशाला बोललीस?"

"मग काय सांगू? माज्या नवऱ्यानं मना वालूचा डबा बांदला? डाक्तर तुमच्यावर वरडला असता. तुमी उलटं बोलला असता. मग माजा हात तसाच ऱ्हायला असता, तुमचं भांडन सोडवायचं कोनी?"

"मी नसतो बोललो उलटं."

"चालीस वरसांत एकदा तरी दाखवा."

मी रस प्यायलो. तिने डाव्या हाताने ग्लास धरला होता. मला म्हणायचं होतं, चुकलं माझं. एवढे दोन शब्द. रसाच्या चरकाचा घुंगरू वाजत होता, माणसं होती आजूबाजूला. म्हटलं, घरी गेल्यावर.

मोठ्या मशीनच्या नळीत जायला ती घाबरली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "जितेपनी पेटीत घातलं गो माय." दोन दिवसांनी डॉक्टरने सांगितलं, पट्टा पूर्ण सुटलाय, मागे सरकलाय, पण स्नायू अजून वाळलेला नाही. शिवता येईल. फार उशीर करू नका.

"शिवता येतो?" हिराला हे आवडलं. "गोदडीवानी?"

"तसंच समजा, आजी."

"हात वर जाईल ना मग? कुंकवापर्यंत?"

"काही महिन्यांचा व्यायाम आहे. पण जाईल अशी आशा आहे."

ती म्हणाली, मसाला झाला की करू. कुंदा ओरडली, मीही ओरडलो, पण वर्षाचा मसाला ह्या घरात हिराच्या हातचा, आणि कुंदाच्या सासरी जातो तोही तिच्याच हातचा. तिला कोण समजावणार? डॉक्टर म्हणाला, तीन आठवडे चालतील, पण काम करायचं नाही, हात झोळीत. तारीख ठरली. पुढच्या महिन्यातला सोमवार.

ते तीन आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. उजवा हात गळ्यातल्या झोळीत आणि डाव्या हातात काठी घेऊन ती गच्चीच्या सावलीत बसायची, आणि मी मसाला करायचो. मिरच्यांचे देठ काढायला मला दोन दिवस लागले. बोटं जळायची, तेल लावून पुन्हा बसायचो. बेडगी वेगळी, लवंगी वेगळी, संकेश्वरी वेगळी. मी एक ढीग दुसऱ्यात मिसळला तर काठी माझ्या गुडघ्याला लागायची.

"ती रंगाची, ही तिखटाची. डोलं फुटलं काय?"

"दोन्ही लालच हायेत."

"मी आनि यशोदा दोघी बायाच हाव. मिसलाल का?"

धणे भाजताना मी करपवले. तिने वास घेऊन सांगितलं, टाका, परत घ्या. दगडफूल, त्रिफळ, नागकेशर, बडीशेप, एकेक तिने हातात घेऊन दाखवलं. मला वाटायचं, आपण एवढी वर्षं ह्या बाईच्या हातचं जेवलो आणि त्यात काय काय होतं ते आपल्याला माहीतच नव्हतं. मिरची भाजायच्या दिवशी तर दोघांनाही असा ठसका लागला की यशोदा धावत आली, मेलं की काय कोणी म्हणून. डंकावर मी एकटा पुरुष होतो बायकांच्या रांगेत. "नाना, पदर घ्या डोक्यावर, मसाला उडतो," एक बाई म्हणाली, आणि सगळी रांग हसली. घरी येऊन हिराला सांगितलं तर हसून हसून तिचा खांदा दुखला.

रोज मी ठरवायचो, आज सांगू. आज म्हणू, चुकलं माझं. सकाळी म्हणायचो संध्याकाळी, संध्याकाळी म्हणायचो सकाळी. मनात एक हिशोब केला होता मी. म्हटलं, ऑपरेशन झालं, हात वर गेला की मग सांगू. तेव्हा जड जाणार नाही. हात कपाळापर्यंत गेला की बोलायला जीभ सुटेल. माणूस काय काय ठरवतो. मी सोमवारच्या भरवशावर बसलो होतो.

शनिवारी बरणी भरली. मघाशी लिहिलंच ते.

पावसाळ्यानंतर मी डॉक्टरकडे गेलो होतो, एकटा, तिचे कागद घेऊन. त्याने आधी विचारलं, "आजी आल्या नाहीत?" मी सांगितलं. मग मी त्याला दोरीचं सांगितलं, कप्पीचं, वाळूच्या डब्याचं, सगळं. विचारलं, "माझ्या डब्याने फाटला का पट्टा?"

"सांगता येत नाही, आजोबा. बहुतेक पायरीवरच फाटला असेल."

"आणि डब्याने?"

तो खोटं बोलला नाही. "वाढला असेल."

मी नमस्कार करून निघालो. त्याने ते बरं केलं. "तुमचा काही दोष नाही" म्हणाला असता तर मी त्याच्यावर कधी विश्वास ठेवला नसता.

तेव्हापासून मला एक खोड लागलीय. मी माणसांचे खांदे बघतो. पळस्प्याच्या नाक्यावर चहाला बसलो की ट्रकवाले केबिनमध्ये चढताना बघतो. दांडा पकडायला हात वर जातो, आणि एखाद्याचं तोंड मधेच वाकडं होतं, मग हात आणखी वर गेला की पुन्हा सरळ होतं. मला कळतं, ह्याचं काहीतरी घासतंय आत. भाजीवालीने पाटी उतरवताना डाव्या हाताने उजवा उचलला, की मी थांबतो. दोनतीन जणांना सांगितलंही, "मालीश नको करू, ओढू नको, डॉक्टरला दाखव." एक ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तुम्ही डॉक्टर आहात का?" मी म्हटलं, "नाही. म्हणून सांगतोय."

घरी कोणी नसतं. कप्पी मी काढून टाकली. आढ्याला खूण राहिलीय, तिथे चुना लावला तर बाकीचं आढं जुनं दिसायला लागलं. टीव्ही लावतो, आवाज बारीक ठेवतो. यशोदा डबा देते. ती मला काही विचारत नाही, आणि मी तिला काही सांगत नाही. जे सांगायचं होतं ते मी ह्याच घरात एकदाच सांगितलं, आणि जिला सांगायचं होतं तिला ते ऐकू गेलं नाही.

बरणी भरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, हिरा उठली नाही. मी दोनदा हाक मारली, मग यशोदाला बोलावलं. गावातला डॉक्टर आला, म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं. नऊ वाजेपर्यंत उरणहून कुंदा आली. अंगणात माणसं जमली, आणि बायका आत गेल्या तिला न्हाऊ घालायला, नेसवायला. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरवा चुडा, सगळं करायचं होतं. दार लावून घेतलं. मी ओटीवर बसलो होतो, दोन माणसं माझ्या दोन्ही बाजूंना. आतून बांगड्यांचा आवाज येत होता, आणि कुंदाच्या रडण्याचा. मग यशोदाचा आवाज आला, "पोलक्याची बाही चढत नाय गो. वर घे त्यो हात. जरा जोर लाव."

मी उठलो. शेजारच्याने माझा दंड धरला, "नाना, आत बायका हायेत." मी दार ढकललं.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "आधी उजवा हात घाला. दुखरा हात आधी, चांगला मागून. आणि ओढू नका."

डॉक्टरकडून आल्यापासून तिला पोलकं मीच घालत होतो, रोज सकाळी, दार लावून. ते कोणालाच माहीत नव्हतं.

यशोदा डोळे पुसत म्हणाली, "भावजी, आता कसलं दुखनं ऱ्हायलं वो?"

"ऱ्हायलंय. कुंदा, ऐक. तुज्या आईचा खांदा मी खराब केला. दोरीला वालूचा डबा बांदून तिच्याकडून ओढून घेतला मी, ती दुखतंय म्हनत व्हती तरी. डाक्तरला ती खोटं बोलली, माज्यासाठी. चुकलं माजं."

कुंदा बाजूला सरकली. मी हिराच्या उजव्या अंगाला खाली बसलो. एक हात तिच्या कोपराखाली घातला, दुसऱ्या हाताने मनगट धरलं, आणि हात जेमतेम अंगापासून सुटेल एवढाच उचलला. बाही बोटांवरून घेतली, मग मनगटावरून, मग कोपरावरून, खांद्यापर्यंत. मग तिचा हात खाली ठेवला आणि म्हटलं, "आता डावा तुमी घाला."